समुद्र नसलेल्या जिल्ह्यातलं बोटीचं इंजिन

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. कयाधू उन्हाळ्यात वाळू होते. पूर्णेला येलदरी आणि सिद्धेश्वर अडवून धरतात. पाणी म्हणावं असं मोठं पाणी पाहायचं तर इसापूरला जावं लागतं. मुंबईचा समुद्र इथून सहाशे किलोमीटरच्या आसपास. तरीही वसमत, कळमनुरी, नांदेड या पट्ट्यातल्या जुन्या गॅरेजांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "साधं नाही, बोटीचं इंजिन आहे." भाव वाढवायला हे वाक्य फार उपयोगी पडतं. बोटीचं म्हणजे दणकट, परदेशी आणि कमी चाललेलं, असा एक समज त्यात गृहीत असतो.

वसमतजवळच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने असंच एक इंजिन बघून ठेवलं होतं. त्याच्या वडिलांची पेट्रोल अ‍ॅम्बेसिडर गोठ्याच्या बाजूला ताडपत्रीखाली उभी होती. वडील गेले, गाडी राहिली. मूळ इंजिनाचा ब्लॉक तडकलेला. नवं पेट्रोल इंजिन मिळत नाही आणि मिळालं तरी पेट्रोल परवडत नाही. भंगाराच्या व्यापाऱ्याने त्याला चार सिलिंडरचं एक डिझेल इंजिन दाखवलं, "पर्किन्स आहे, जहाजावरचं" असं सांगितलं आणि दहा हजारांचा बयाणा घेतला. इंजिनावर कंपनीची पट्टी नव्हती. पट्टीच्या जागी दोन रिव्हेटांची भोकं आणि वर निळ्या रंगाचा ताजा थर. तो मला म्हणाला, "सर, तुम्ही जुन्या गाड्यांवर लिहिता म्हणं. हे नेमकं कुठलं हाय, एवढंच सांगा. बाकी आमचं आम्ही बघतो."

प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर शोधायला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो. शिवाय उत्तर चुकलं तर त्याचा बयाणाच नव्हे, पुढचे साठ-सत्तर हजारही बुडणार होते.

आधी एक समज बाजूला करू. छोट्या इंजिनांत "बोटीचं" आणि "गाडीचं" अशा दोन वेगळ्या जाती मुळातच नाहीत. मालवाहू जहाज ज्यावर चालतं ते तीन-चार मजली उंचीचं, मिनिटाला जेमतेम शंभर फेरे घेणारं यंत्र वेगळं. ते कुणी वसमतला आणणार नाही. पण वीस ते शंभर अश्वशक्तीच्या इंजिनांना पाणी आणि रस्ता यांत फरक करायचं कारण कधीच नव्हतं. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८६ साली आपलं इंजिन घोडागाडीला बसवलं आणि त्याच वर्षी नेकार नदीवरच्या एका नावेलाही बसवलं. स्वीडनमधल्या पेंटा या कारखान्याचं पहिलं इंजिन १९०७चं. व्होल्वोने १९२७ साली आपली पहिली मोटार काढली तेव्हा तिचं इंजिन याच पेंटाकडून आलं होतं, आणि पेंटा तेव्हा बोटींची इंजिनंही बनवत होती. १९३५ साली व्होल्वोने ती कंपनीच घेतली. पुढे व्होल्वोच्या मोटारींची इंजिनं पेंटाच्या नावाने बोटींत गेली. मर्सिडीजच्या १७० डी या गाडीचं ओएम ६३६ हे डिझेल इंजिन युनिमॉगमध्ये गेलं तसं असंख्य होड्यांतही गेलं.

आपल्याकडचं उदाहरणही दूरचं नाही. मराठवाड्यात ज्या "डीपी" जीपांनी माणसं कोंबून कोंबून नेली, त्यांतल्या डीपीचा अर्थ डिझेल प्यूजो. त्या जीपेतलं एक्सडीपी ४.९० हे इंजिन महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजोकडून परवाना घेऊन बनवलं. तिकडे फ्रान्समध्ये हेच इंजिन मच्छीमारांच्या होड्यांत ठोकठोक करत होतं. अशोक लेलँडच्या कॉमेट ट्रकचं इंजिन थोडे फेरफार करून आपल्या किनाऱ्यावरच्या ट्रॉलरांत बसलं. उलट बाजूने पाहिलं तर, दुसऱ्या महायुद्धात फोर्डने जीपचंच इंजिन घालून पाण्यात चालणारी जीप काढली. १९४२-४३मध्ये अशा बारा हजारांहून जास्त बनल्या. त्या पाण्यात फारशा यशस्वी ठरल्या नाहीत, पण दोष इंजिनाचा नव्हता. नावेचा काठ पाण्यापासून फार कमी वर राहायचा, लाट आत यायची.

म्हणजे व्यापारी "बोटीचं" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असेलच असं नाही, फक्त त्याने काहीच सांगितलेलं नसतं. कुठल्या कुळातलं, कुठल्या कामासाठी बदललेलं, आणि तो बदल परत फिरवता येतो का, हे प्रश्न तसेच राहतात.

पहिली खूण थंड करण्याची. गाडीच्या इंजिनाला पुढे पंखा, पंख्यापुढे रेडिएटर. बोटीला वारा लागत नाही, पण खाली हवं तेवढं पाणी असतं. म्हणून बोटीच्या इंजिनाला पंख्याची पुली नसते. तिच्या जागी किंवा बाजूला पाणी ओढणारा एक पितळी पंप असतो, आत रबराच्या पाकळ्यांचं चाक. तो बाहेरचं पाणी ओढतो, इंजिनातून किंवा इंजिनाच्या पाण्याभोवतून फिरवतो आणि परत बाहेर टाकतो.

हे मी समजावून सांगत होतो तेव्हा तो शेतकरी हसला. म्हणाला, "हे तर आमच्या विहिरीवरचं."

त्याचं खरं होतं, आणि हे मला आधी सुचलं नव्हतं. १९३२ साली निजामाच्या रेल्वे आणि रस्ते वाहतूक खात्याने सत्तावीस बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली. त्याआधी १९१२ साली पूर्णेहून हिंगोलीला मीटरगेज रूळ आले होते, कारण हिंगोली कापसाची मोठी पेठ. पण ही दोन्ही यंत्रं सरकारी. माणूस त्यांत बसायचा, हात लावायचा नाही. खेड्यातल्या माणसाचा हात पहिल्यांदा इंजिनाला लागला तो विहिरीवर. इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या लिस्टर कंपनीने १९२९ साली एका सिलिंडरचं, मिनिटाला सहाशे फेऱ्यांचं एक डिझेल इंजिन काढलं. त्याच्या नकला राजकोटला इतक्या झाल्या की "लिस्टर टाइप" हे इंजिनाच्या जातीचंच नाव झालं. पुण्यात खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढच्या पिढीत "किर्लोस्कर" म्हणजेच इंजिन असं समीकरण बसलं. या पंपाच्या इंजिनाला बहुतेक ठिकाणी रेडिएटर नव्हताच. पंपाच्या पाइपातून एक बारीक नळी काढून ती इंजिनाच्या जॅकेटला जोडायची. विहिरीचं गार पाणी आत जातं, कोमट होऊन दुसऱ्या नळीने पाटात पडतं. त्या कोमट धारेखाली हिवाळ्यात पोरांनी आंघोळी केल्या आहेत. समुद्रातली बोट नेमकं हेच करते. फरक एवढाच, की तिच्या पाण्यात मीठ असतं.

मिठाने मात्र पुष्कळ काही बदलतं. खारं पाणी थेट ब्लॉकमधून फिरवलं तर साठ अंशांच्या आसपास क्षार धरायला लागतात. म्हणून अशी इंजिनं मुद्दाम थंड चालवतात, आणि थंड चाललेलं डिझेल इंजिन आतून काजळतं, तेलात गाळ धरतो. बाहेरून झकास दिसणाऱ्या ब्लॉकच्या पाणवाटा आतून पोखरलेल्या असू शकतात. चांगल्या बोटीत म्हणून दोन पाणी ठेवतात: आत गोडं, बाहेर खारं, आणि दोघांमध्ये नळ्यांचा एक डबा, ज्यात गोड्या पाण्याची उष्णता खाऱ्याला जाते. तो डबा, त्याच्या टोकाला जस्ताची कांडी, एक्झॉस्टभोवती पाण्याचा कोट असलेलं जाडजूड मॅनिफोल्ड, तिरकं बसवण्यासाठी बांधलेले पाय, उथळ तेलाची टाकी, हाताने फिरवायची कडी: एवढं सापडलं की इंजिन पाण्यावर होतं हे नक्की. जस्ताची कांडी अर्धी झिजलेली असेल तर आणखी बरं. मीठ तिला खाऊन गेलं, म्हणजे बाकीच्या लोखंडाला त्याने जरा सोडलं.

वसमतच्या त्या इंजिनाला पितळी पंप होता, जाडजूड मॅनिफोल्डही होतं. पण जस्ताची कांडी कुठे नव्हती, आणि वर गोड्या पाण्याची एक छोटी टाकी होती. यावरून ते कुठल्या प्रकारच्या बोटीतलं असावं याचा अंदाज आला. मोठ्या जहाजांच्या अंगावर दोन्ही बाजूंना ज्या जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात, त्यांच्या इंजिनांबद्दल आंतरराष्ट्रीय नियम आहेत. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ साली समुद्रावरच्या जीवित सुरक्षेचा पहिला करार झाला. आज चालतो तो १९७४चा. त्याखालचे नियम सांगतात की होडीचं इंजिन डिझेलचंच हवं, पूर्ण भरलेली होडी ताशी सहा सागरी मैलांनी चालवेल एवढं हवं, चोवीस तासांचं इंधन हवं, आणि होडी पाण्याबाहेर टांगलेली असतानाही थंड इंजिन सुरू करून किमान पाच मिनिटं चालवता यायला हवं. शेवटच्या अटीमुळे या इंजिनांना सहसा स्वतःचं गोडं पाणी लागतं. समुद्राचं पाणी ओढायला खाली समुद्रच नसतो.

याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे, आणि "कमी चाललेलं" या दाव्याचा उगम तिच्यात आहे. होडीचं इंजिन दर आठवड्याला किमान तीन मिनिटं चालवून पाहायचं असतं. वर्षाला ५२ आठवडे धरले तर १५६ मिनिटं, म्हणजे अडीच तासांहून थोडं जास्त. मधूनमधून होडी पाण्यात उतरवण्याच्या कवायती असतात, त्या धरूनही पंचवीस वर्षांत शंभर-दीडशे तासांवर जाणं अवघड. टॅक्सीवरची अ‍ॅम्बेसिडर एवढं महिनाभरात चालते. मग जहाज म्हातारं होतं. १९८३पासून गुजरातच्या अलंगला, आणि त्याआधीपासून मुंबईत दारूखान्याला, ते किनाऱ्यावर चढवून तोडतात. होड्या, जनरेटर, भांडी, गाद्या, दारं सगळं रस्त्याकडेच्या दुकानांत येतं. तिथून इंजिन देशभर कुठेही जाऊ शकतं.

पण कमी चाललेलं म्हणजे चांगलं, हा हिशेब मला पटत नाही. तीन मिनिटांत इंजिन गरमच होत नाही. जळल्यावर तयार होणारी वाफ थंड भिंतींवर दव होऊन बसते, पुढचे सात दिवस तशीच राहते. हे पंचवीस वर्षं चाललं तर सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे ठिपके, चिकटलेल्या रिंगा आणि सुकून कडक झालेले सील सापडतात. इंजिनाची झीज नसते, पण म्हातारपण असतं. हेड न उघडता अशा इंजिनाचे पैसे देऊ नयेत हे माझं ठाम मत. व्यापारी हेड उघडायला तयार नव्हता. शेवटी गॅस्केटचा खर्च आम्ही देऊ म्हटल्यावर तयार झाला.

हेड उघडलं आणि मग ओळख पटवायचं खरं काम सुरू झालं. रंग, पट्टी, व्यापाऱ्याचं तोंड, सगळं बदलता येतं. सिलिंडरचा व्यास आणि दट्ट्याची चाल बदलणं सोपं नाही. बोअर घासून थोडा मोठा होतो, पण चाल क्रँकमध्ये कोरलेली असते. आम्ही दोन्ही मोजली. बोअर ७३ मिलिमीटरच्या किंचित वर, चाल ८९ला जराशी कमी. मिलिमीटरमध्ये असे वेडेवाकडे आकडे आले की ते इंचात करून पाहावेत. ७३.०२ म्हणजे पावणेतीन इंच आणि एक अष्टमांश, ८८.९ म्हणजे साडेतीन इंच बरोबर. इंचात आकडे सरळ बसले याचा अर्थ इंजिनाचा नकाशा इंग्रज किंवा अमेरिकन टेबलावर काढलेला. प्यूजोचं एक्सडीपी ४.९० पाहा: बोअर नव्वद मिलिमीटर, चाल त्र्याऐंशी. नावातच चार सिलिंडर आणि नव्वदचा बोअर लिहिलेला. तिथे इंचाला जागा नाही. बोल्टांनाही हेच लागू पडतं. मिस्त्रीने एमएमचा पाना लावला तेव्हा तो निसटत होता, इंची पाना गच्च बसला.

व्यापाऱ्याचं "पर्किन्स" इथेच संपलं. पर्किन्स हे इंग्लंडमधल्या पीटरबरोचं नाव, १९३२ साली फ्रँक पर्किन्स आणि चार्ल्स चॅपमन यांनी सुरू केलेलं. लहान, जलद फिरणारं डिझेल इंजिन ही त्यांची खासियत. मद्रासच्या सिम्प्सनने ते भारतात बनवलं, म्हणून जुन्या मिस्त्रींच्या तोंडी ते नाव आदराने येतं आणि भंगारात त्याला भाव मिळतो. होड्यांत त्यांचं प्रसिद्ध इंजिन ४.१०८. चार सिलिंडर, १०८ घन इंच. त्याची चाल साडेतीन इंचच आहे, पण बोअर तीन इंच आणि एक अष्टमांश. क्षमता १७६० घन सेंटिमीटर. मूळ जीपच्या पेट्रोल इंजिनाचा बोअरही नेमका तेवढाच, पण चाल खूप लांब, त्यामुळे क्षमता २१९९. म्हणजे नुसती चाल मोजून फसता येतं, नुसता बोअर मोजूनही. दोन्ही हवेत. आमच्या समोरच्या इंजिनाचं गणित कागदावर केलं: त्रिज्या ३.६५ सेंटिमीटर, क्षेत्रफळ ४१.८८, गुणिले ८.८९, गुणिले चार. उत्तर १४८९.

हा आकडा पाहिल्यावर मी काही वेळ गप्प बसलो. १४८९ हा आकडा या देशातल्या एका पिढीला पाठ आहे. अ‍ॅम्बेसिडरच्या माहितीपत्रकातला आकडा आहे तो.

इंग्लंडमध्ये ऑस्टिन आणि मॉरिस १९५२ साली एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली, थोडक्यात बीएमसी. त्यांनी ऑस्टिनचं एक मधल्या आकाराचं इंजिन घेऊन सगळ्या गाड्यांत वापरायचं ठरवलं. त्याचं नाव बी सीरिज. ते मॉरिस ऑक्सफर्डमध्ये गेलं, ऑस्टिन केंब्रिजमध्ये गेलं, एमजीच्या स्पोर्ट्स गाडीतही गेलं. एमजीच्या इंजिन क्रमांकात १५ असायचं, म्हणजे पंधराशे सीसी, आणि पुढे जी म्हणजे एमजी. क्रमांकाचा पहिला तुकडा वाचता आला तर अर्धं कूळ कळतं ते असं. याच पंधराशेचं पुढे डिझेल रूप झालं. बोअर तोच, चाल तीच, पण दाब पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट, २३ला १. दहनाची खोली रिकार्डोच्या पद्धतीची, हेडमध्ये वेगळी. ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आत-बाहेर. व्हॅनसाठी, मालगाड्यांसाठी केलेलं साधं, हळू, न कुरकुरणारं इंजिन.

हिंदुस्तान मोटर्सची सुरुवात १९४२ साली ओखा बंदरात झाली, पुढे कारखाना कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला गेला. मॉरिस ऑक्सफर्डवरून आधी लँडमास्टर आणि मग १९५७-५८च्या सुमाराला अ‍ॅम्बेसिडर आली. काही काळातच तिच्यात बी सीरिजचं १४८९चं पेट्रोल इंजिन बसलं. १९७३नंतर तेलाचे भाव चढले, आणि १९७९ साली आलेल्या मार्क फोरला हिंदुस्तान मोटर्सने त्याच १४८९चं डिझेल इंजिन दिलं. ती भारतात बनलेली पहिली डिझेल मोटार. मराठवाड्यात या गाडीने लग्नाच्या वरातींपासून दवाखान्यापर्यंत सगळं ओढलं. सकाळी हीटर तापेपर्यंत थांबायचं, मग सेल्फ मारायचा, मागे पांढरा धूर आणि दोन गल्ल्यांपर्यंत आवाज. चढावर ती इतकी मंदावायची की शेजारून सायकलवाला बोलत जायचा. पण ती बंद पडली तर कुठल्याही फाट्यावरचा मिस्त्री तिला उघडू शकायचा.

त्याच काळात इंग्लंडमध्ये या इंजिनाची गाड्यांतली गरज ओसरत गेली आणि त्याने पाण्याची वाट धरली. बीएमसीने स्वतः त्याला बोटीसाठी तयार करून "कॅप्टन" असं नाव दिलं. थॉर्निक्रॉफ्टने "नाइन्टी" म्हणून विकलं. इंग्लंडच्या जुन्या कालव्यांतून कोळसा वाहणाऱ्या अरुंद लांब नावा साठी-सत्तरीत हौशी लोकांच्या झाल्या, आणि अशा कितीतरी नावांत घोड्याची किंवा जुन्या इंजिनाची जागा बीएमसीच्या पंधराशे, अठराशे डिझेलने घेतली. आजही त्यांत ती चालतात. तुर्कस्तानात इझमीरला १९६४ साली बीएमसी नावाचाच कारखाना निघाला, तिथेही हे कुटुंब वाढलं. एकाच नकाशाचं इंजिन, एक हिंगोली-नांदेड रस्त्यावर दहा माणसं घेऊन हॉर्न वाजवत, दुसरं इंग्लंडच्या कालव्यावर माणसाच्या चालीच्या वेगाने. दोघांनाही एकमेकांची खबर नाही.

तर व्यापाऱ्याने पर्किन्स म्हणून, जहाजाचं म्हणून जे विकायला काढलं होतं, ते मुळात अ‍ॅम्बेसिडरचंच इंजिन होतं. फक्त ते कधी अ‍ॅम्बेसिडरमध्ये बसलंच नव्हतं.

ऐकायला हे फार सोयीचं वाटतं. शेतकऱ्यालाही वाटलं. "मग बसतंच की सरळ," तो म्हणाला. सरळ बसत नाही. बोटीच्या इंजिनामागे क्लच नसतो, त्याला पुढे-मागे करणारा छोटा गिअर असतो. फ्लायव्हीलवर क्लच प्लेट धरायला यंत्रावर घासलेली सपाट जागा लागते, ती नव्हती. क्रँकच्या मागच्या टोकात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक टेकवायला बुश लागतो, त्याचं भोक पाडलेलं आहे का हे गिअर काढल्याशिवाय दिसत नाही. तेलाची टाकी वेगळी, ती पुढच्या अ‍ॅक्सलच्या आडव्या दांडीला लागणार. पाण्याचा कोट असलेलं मॅनिफोल्ड स्टिअरिंगच्या दांड्याला भिडणार. दोन इंजिनांच्या बोटीत एक इंजिन मुद्दाम उलटं फिरणारं ठेवतात, तेही तपासावं लागतं. गाडीत ते बसलं तर चार मागचे आणि एक पुढचा असे गिअर मिळतील. हे इंजिन सरळ फिरत होतं, जळण्याचा क्रम १-३-४-२.

आणि गव्हर्नर. बोटीचं इंजिन ठरावीक फेऱ्यांवर बांधलेलं असतं. याचा रस्त्यावर काय परिणाम होतो ते जुन्या जीपवरून पाहा, कारण तिथे लोकांनी असली इंजिनं फार हौसेने बसवली. सीजे ३बी जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ५.३८. चाक एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर पुढे जातं. पेट्रोल इंजिन चार हजार फेऱ्यांवर गेलं तर ताशी शंभर होतात. २४०० फेऱ्यांवर बांधलेलं इंजिन बसवलं तर टॉप गिअरमध्ये साठ, त्यापुढे काही केल्या नाही. माणसं म्हणतात इंजिन दमलंय. इंजिन दमलेलं नसतं, त्याला तेवढंच सांगितलेलं असतं. अ‍ॅम्बेसिडर डिझेलच्या पंपावर ही मर्यादा वर होती. म्हणजे पंपही बदला किंवा पंपवाल्याकडून पुन्हा बांधून घ्या.

बोटीचे भाग काढून त्यांच्या जागी अ‍ॅम्बेसिडर डिझेलचे बसवायचे, तर फ्लायव्हील, क्लच, मागची प्लेट, टाकी, मॅनिफोल्ड, पुढची पुली, पंखा, पाण्याचा पंप आणि पाय एवढं लागणार होतं. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद झाला, पण जुने भाग अजून मिळतात. ते सगळे मिळतात मात्र मेलेल्या अ‍ॅम्बेसिडर डिझेलमधून. एवढे भाग एका गाडीतून काढायचे तर तिचं इंजिनच का घेऊ नये, हा प्रश्न मिस्त्रीने विचारला. मला त्याला उत्तर देता आलं नाही.

तरी शेतकऱ्याचं मन त्या इंजिनावर बसलं होतं. सिलिंडरच्या भिंती चांगल्या निघाल्या होत्या, एका सिलिंडरमध्ये थोडे ठिपके, घासून जातील असे. इंजिन बोअर न केलेलं, मूळ मापाचं. आता असं इंजिन कुठे मिळतं? यांत्रिक बाजूने मी त्याला हो म्हटलं असतं.

अडलं ते कागदावर. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं की परिवहन कार्यालयाची मान्यता घेऊन नवा इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकात चढवावा लागतो. पेट्रोलची गाडी डिझेल होणार असेल तर इंधनाची नोंदही बदलायची. हिंगोली १९९९ साली परभणीतून वेगळा जिल्हा झाला आणि एमएच ३८ मिळालं. ही गाडी त्याच्या बरीच आधीची, परभणीची. तिचं पुस्तक जपून ठेवलेलं, वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर झालेलं. एवढं सगळं नीट असलेली जुनी गाडी हल्ली दुर्मीळ. तिच्यात कुळाचा पत्ता नसलेलं इंजिन घातलं की ती गाडी पहिल्या तपासणीतच बेवारस ठरायची. इंजिनावर क्रमांक नव्हता. जिथे तो असतो ती जागा वायर ब्रशने घासली तर ग्राइंडरच्या रेघा निघाल्या. आणि व्यापारी जी पावती द्यायला तयार होता तिच्यावर लिहिलं होतं: लोखंडी भंगार, आणि पुढे किलो.

ग्राइंडरच्या रेघा चोरीच्या असतीलच असं नाही. पण त्या तशा नाहीत हे सिद्ध करायचं काम घेणाऱ्यावर येतं, आणि त्याच्याकडे वजनाची पावती सोडून काहीच नसतं. मी त्याला गाडीत घालू नको म्हणालो.

त्याने नांदेडहून अपघातातल्या एका अ‍ॅम्बेसिडर डिझेलचं इंजिन घेतलं, तिच्या रद्द झालेल्या कागदांच्या प्रतींसकट आणि ठळक क्रमांकासकट. ते बोअर केलेलं, धूर टाकणारं, बोटीच्या इंजिनापेक्षा सगळ्या बाबतींत डावं. त्याचा अर्ज गेला, तपासणी झाली, पुस्तकात नवा क्रमांक चढला.

बोटीचं इंजिनही त्याने सोडलं नाही. बयाणा बुडवायचा नव्हता, म्हणून भाव पाडून वजनाच्या दरात घेतलं. पूर्णेच्या काठाला त्याची चार एकर जमीन आहे. विजेची पाळी रात्रीची असते, कधी तीही नसते. तिथे दगडाच्या चौथऱ्यावर ते इंजिन बसवलं आणि मागच्या गिअरला पट्ट्याची पुली जोडून पाण्याचा पंप लावला. रेडिएटर बसवला नाही. पितळी पंपाची ओढती नळी नदीत सोडली आहे, आणि कोमट पाणी पाटात पडतं.